मद्यार्कातला पहिला हायड्रोजन

बोलायला सुरुवात करण्याआधी आम्ही एक छोटा प्रयोग करून दाखवला. जे ऐकत नाहीत, नुसतं वाचताहेत, त्यांच्यासाठी तो शब्दांत सांगतो. पेन्सिलीभोवती गुंडाळून तांब्याच्या तारेचं एक वेटोळं केलं होतं. स्पिरिटच्या दिव्यावर ते लाल होईपर्यंत तापवलं आणि हवेत धरलं. बघता बघता ते काळं पडलं. हा काळा थर म्हणजे कॉपर ऑक्साइड, तांब्याने हवेतून घेतलेला ऑक्सिजन. मग तेच गरम वेटोळं एका चंबूत, स्पिरिटच्या वाफेत सोडलं. काळेपणा क्षणात गेला, चिंचेने घासलेल्या कळशीसारखा गुलाबी रंग परत आला, आणि पुढच्या रांगेतल्या मंडळींना नाक चोळावं लागलं. वर काढलं की काळं, आत सोडलं की गुलाबी. तार तीच राहते. स्पिरिट मात्र दर खेपेला थोडं थोडं बदलत जातं.

बदलतं म्हणजे काय होतं? मद्यार्काच्या, म्हणजे अल्कोहोलच्या, रेणूतून हायड्रोजनचे दोन अणू निघून जातात. त्यातला एक ऑक्सिजनला चिकटलेला असतो आणि दुसरा शेजारच्या कार्बनला. जे उरतं त्याला आल्डिहाइड म्हणतात, आणि तो झोंबणारा वास त्याचाच. आता प्रश्न असा की या दोघांतला आधी कोण निघतो? आणि त्याला ओढून काढतो कोण, धातू की धातूवर येऊन बसलेला ऑक्सिजन? शाळेतल्या मुलाने विचारावा इतका हा साधा प्रश्न आहे. त्याचं धड उत्तर मिळायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. आजचं व्याख्यान त्या वर्षांबद्दल आहे.

गोष्ट सुरू होते कोळशाच्या खाणीत. हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा बनवला, आणि त्याच कामाच्या ओघात १८१७ साली त्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. ज्वलनशील वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची गरम तार धरली, तर ज्योत नसतानाही ती तार लाल होऊन तशीच जळत राहते. लगेच लोकांनी तिचा खेळ केला. स्पिरिटच्या दिव्याच्या वातीवर प्लॅटिनमचं वेटोळं बसवायचं, दिवा लावायचा, आणि फुंकर मारून विझवायचा. ज्योत जाते, पण तार रात्रभर निखाऱ्यासारखी फुललेली राहते. खाली स्पिरिट आहे तोवर. आणि त्या ज्योत नसलेल्या दिव्यातून आंबट, उग्र वाफ येते. स्पिरिट नीट जळलं तर अशी वाफ येत नाही. म्हणजे इथे अर्धवट काहीतरी घडत होतं.

हम्फ्री यांचे चुलतभाऊ एडमंड डेव्ही आयर्लंडमध्ये कॉर्कला होते. १८२० साली त्यांनी प्लॅटिनमची अतिशय बारीक काळी भुकटी तयार केली. तिच्यावर मद्यार्क पडला की ती आपली आपण तापून लाल होई, आधी गरम करण्याचीही गरज नाही. आणि इथे आपल्या ओळखीचे एक गृहस्थ येतात.

ओळखीचे म्हणतो, कारण दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘डोबेरायनरची त्रिके’ सगळ्यांनी पाठ केलेली असतात. लिथियम, सोडियम, पोटॅशियम. परीक्षा संपली की ती विसरायची. पण हा माणूस त्रिकांपेक्षा बराच मोठा आहे. योहान डोबेरायनर एका घोडागाडी हाकणाऱ्याचा मुलगा. शिक्षण तुटपुंजं, औषधवाल्याकडे उमेदवारी केली, स्वतःचा धंदा काढला तो बुडाला. १८१० साली मात्र वायमारच्या ड्यूकने त्यांना येना विद्यापीठात प्राध्यापक नेमलं. त्या दरबारात विद्यापीठाचं बघणारा मंत्री म्हणजे कवी गटे, आपल्या शाकुंतलाची थोरवी गाणारा. गटे डोबेरायनर यांच्याकडे रसायनशास्त्र समजून घ्यायला जात असे. असा मंत्री मिळायला नशीब लागतं, असो.

डोबेरायनर यांनी १८२१च्या सुमारास एडमंड डेव्हींची काळी भुकटी हाती घेतली, आणि त्यांनी एक गोष्ट केली जी आधीच्यांनी नीट केली नव्हती: मोजमाप. मद्यार्क किती गेला, हवेतला ऑक्सिजन किती गेला, हाती काय आलं. त्यांचा हिशेब असा की मद्यार्क हवेतला ऑक्सिजन घेतो आणि त्याचं अॅसिटिक आम्ल व पाणी होतं. अॅसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधला आंबटपणा. भुकटी शेवटी जशीच्या तशी. जे काम व्हिनेगरवाल्यांच्या पिंपात कितीतरी दिवस चालायचं, ते इथे चिमूटभर काळ्या भुकटीवर डोळ्यांदेखत होत होतं. पुढे १८२३मध्ये त्यांनी हायड्रोजनची धार प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर सोडली, ती आपोआप पेटली, आणि त्यातून काडेपेटीच्या आधीचा लायटर निघाला. असे हजारो दिवे युरोपात विकले गेले. डोबेरायनर यांनी त्याचं पेटंट घेतलं नाही.

या प्रयोगांत त्यांना व्हिनेगरच्या आधीच्या पायरीवरचं आणखी एक द्रव्य सापडलं होतं. ते शुद्ध करणं त्यांना जमेना, म्हणून त्यांनी नमुना गीसेनला युस्टुस लीबिग यांच्याकडे पाठवला. लीबिग यांनी १८३५मध्ये त्याचं पृथक्करण केलं आणि त्याला नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘हायड्रोजन काढून घेतलेला अल्कोहोल’ असे शब्द आहेत, त्यांची सुरुवातीची अक्षरं जोडून ‘आल्डिहाइड’. म्हणजे बघा, काय जातं हे नावातच लिहून ठेवलेलं होतं. कोण नेतं, कसं नेतं, हे मात्र कोणाला माहीत नव्हतं.

त्याच वर्षी स्वीडनच्या बर्झेलियस यांनी आपल्या वार्षिक अहवालात अशा सगळ्या प्रकारांना एकत्र आणलं आणि ‘कॅटॅलिसिस’ हा शब्द घडवला. आपण उत्प्रेरण म्हणतो. नुसत्या उपस्थितीने झोपलेल्या रासायनिक ओढी जाग्या करणारं एक बळ, अशी त्यांची कल्पना. आमचं मत विचाराल तर हा शब्द फार उपयोगी पडला आणि थोडा घातकही ठरला. उपयोगी अशासाठी की विखुरलेल्या गोष्टी एका घरात आल्या. घातक अशासाठी की नाव मिळालं की उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. ‘नुसत्या उपस्थितीने’ म्हणजे धातू काही करत नाही, मांडवात बसलेल्या वडीलधाऱ्यांसारखा फक्त असतो. तार काळी-गुलाबी होताना तुम्ही आत्ता पाहिलीत. ती नुसती बसलेली वाटली का?

लीबिग यांना तो शब्द आवडला नाही, पण त्यांनी डोबेरायनर यांच्या भुकटीचा दुसराच उपयोग करून घेतला. त्या काळी मोठा वाद होता: दारूचं व्हिनेगर होतं ते सजीवांमुळे की निव्वळ रसायनाने? लीबिग म्हणत, प्लॅटिनमवर व्हिनेगर होतं आणि प्लॅटिनम काही जिवंत नाही. मग कारखान्यातल्या पिंपात लाकडाच्या ढलप्यांवर होतं तेही तसंच, ढलपी सच्छिद्र असते, हवेतला ऑक्सिजन धरते, झालं. युक्तिवाद ऐकायला अगदी चोख आहे. पाश्चर यांनी १८६०च्या दशकात दाखवलं की ढलप्यांवर सूक्ष्मजीवांचा पातळ थर असतो आणि काम तो करतो. लीबिग यांनी म्युनिकच्या एका कारखान्याचं उदाहरण पुढे केलं, तिथल्या जुन्या ढलप्यांवर असं काही दिसत नाही म्हणून. पाश्चर यांचं उत्तर: त्या ढलप्या वाळवून पाठवा, तज्ज्ञांच्या समितीसमोर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू. ढलप्या काही आल्या नाहीत.

लीबिग यांची चूक आम्हाला महत्त्वाची वाटते, कारण ती मूर्खाची चूक नाही. शेवटी मिळणारा पदार्थ एकच आहे म्हणून रस्ताही एकच असणार, असं त्यांनी धरलं. तो रस्ता पाहण्याचं साधन त्या काळी कोणाकडेच नव्हतं.

साधन नसलं तरी कारखान्यांचं अडत नाही. आल्डिहाइडांच्या घराण्यातला सगळ्यात धाकटा, मिथेनॉलपासून होणारा, काही केल्या सापडत नव्हता. ऑगस्ट हॉफमन यांनी १८६७मध्ये बर्लिनला काय केलं, तर सरळ ज्योत नसलेल्या दिव्याची युक्ती उचलली. मिथेनॉलची वाफ आणि हवा प्लॅटिनमच्या लाल वेटोळ्यावरून नेली, आणि मिळालं फॉर्माल्डिहाइड. पुढे प्लॅटिनमच्या जागी तांबं आलं, ते स्वस्त. १९१०च्या सुमारास चांदी आली, तिच्यावर माल जास्त मिळतो आणि जळून वाया कमी जातो. तेवढ्यात १९०७मध्ये अमेरिकेत बेकलंड यांनी फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बॅकलाइट बनवलं होतं. विजेची बटणं, टेलिफोन, रेडिओच्या पेट्या, सगळीकडे ते जाऊन बसलं. मागणी एकदम वाढली. आजही जगातल्या फॉर्माल्डिहाइडचा मोठा भाग चांदीच्या दाण्यांच्या काही सेंटिमीटर जाडीच्या थरावरून, ६०० अंश सेल्सियसच्या वर, मिथेनॉल आणि हवा नेऊन होतो. तुमच्या घरातल्या प्लायवुडचा डिंक बहुधा तिथूनच आलेला असतो. गंमत अशी की ही प्रक्रिया निम्म्याहून जास्त शतकभर चालवणाऱ्यांना चांदीवर काय घडतं ते माहीत नव्हतं. तापमान एवढं ठेवा, हवा एवढी सोडा, जास्त सोडलीत तर स्फोट. स्वयंपाकघरात आजीचा जसा अंदाज असतो, तसा त्यांचा अंदाज.

विचार करणारे लोक नव्हते असं नाही. फ्रान्समध्ये तुलूझला पॉल साबातिए होते. पॅरिसच्या बोलावण्यांना नकार देऊन जन्मभर तुलूझमध्येच राहिले, १९१२चं नोबेल तिथूनच मिळवलं. सांदेराँ नावाच्या पाद्री सहकाऱ्याबरोबर त्यांनी निकेलवर हायड्रोजन जोडण्याच्या क्रिया शोधल्या. मग लक्षात आलं की जो धातू हायड्रोजन जोडतो त्याच्याच जातीचा धातू तो काढूही शकतो. मद्यार्काची वाफ ३०० अंशांच्या आसपास तापलेल्या तांब्यावरून नेली, हवा अजिबात नाही, तरी आल्डिहाइड मिळालं, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला हायड्रोजन वायू! तोच मद्यार्क अॅल्युमिनावरून नेला तर हायड्रोजन नाही, पाणी बाहेर पडतं आणि इथिलीन उरतं. एकच पाहुणा, दोन घरं, दोन वेगळ्या वागणुकी. साबातिए यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: धातू नुसता हजर नसतो. तो रेणूतल्या अणूंशी क्षणभराचं संयुग बनवतो, ते मोडतं, आणि धातू मोकळा होतो. ‘क्षणभराचं संयुग’ कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे बऱ्याच जणांना ते पटलं नाही.

ते पाहायचं तर आधी स्वच्छ पृष्ठभाग हवा, आणि इथे खरी अडचण आहे. इर्विंग लँगम्यूर, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत विजेच्या दिव्यांवर काम करणारे, यांनी १९१०च्या दशकात टंगस्टनच्या तारांवर दाखवलं की वायू धातूवर बसतो तो एक रेणू जाडीच्या थराने. जागा ठरावीक आहेत. एकीवर एक बसला की ती भरली, लोकलच्या सीटसारखं. पण मग हिशेब करून बघा. हवेचा दाब एक अब्जांशाच्या जवळपास आणला तरी स्वच्छ धातूवरच्या सगळ्या जागा भरायला साधारण एक सेकंद लागतो. या मात्रेला आज ‘लँगम्यूर’ असंच नाव आहे. म्हणजे पृष्ठभाग तासभर स्वच्छ ठेवायचा तर त्याहून हजारो पट चांगली निर्वात पोकळी लागते. ती हुकमी मिळू लागली १९६०च्या आसपास, पोलादी कोठ्या आणि नवे पंप आल्यावर.

आता आपण स्टॅनफर्डला जाऊ. वर्ष १९७८. रॉबर्ट मॅडिक्स आणि त्यांचे विद्यार्थी इस्रायल वॉक्स यांनी चांदीचा एकच अखंड स्फटिक घेतला, ज्यात सगळे अणू शिस्तीत रांगांनी उभे आहेत. तो अशा पोकळीत ठेवला आणि १८० केल्विनपर्यंत, म्हणजे शून्याखाली नव्वदेक अंश सेल्सियसपर्यंत, थंड केला. त्यावर मिथेनॉल सोडलं. काय झालं? जवळजवळ काहीच नाही. स्वच्छ चांदीला मिथेनॉलचं काही घेणंदेणं नव्हतं.

मग त्यांनी आधी चांदीवर थोडा ऑक्सिजन बसवला आणि पुन्हा मिथेनॉल सोडलं. पण साधं नाही, खुणा केलेलं. प्रयोगाचा सगळा जीव या खुणांत आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. मिथेनॉलमध्ये हायड्रोजन चार: तीन कार्बनवर, एक ऑक्सिजनवर. ऑक्सिजनवरचा जो एक, त्याच्या जागी त्यांनी ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलेलं मिथेनॉल घेतलं. चांदीवर बसवलेला ऑक्सिजनही साधा १६ वजनाचा नव्हे, १८ वजनाचा घेतला. गर्दीत आपली मुलं ओळखू यावीत म्हणून एकाला लाल टोपी घालतो, दुसऱ्याला पिवळी, तसं. मग स्फटिक हळूहळू तापवला, आणि पृष्ठभागावरून काय काय सुटतं ते वस्तुमानमापकाने टिपत गेले.

पाणी मिळालं. त्या पाण्यात दोन्ही हायड्रोजन जड आणि ऑक्सिजन १८ वजनाचा! म्हणजे लाल टोपी आणि पिवळी टोपी एकत्र बाहेर आल्या. नंतर, खोलीच्या तापमानाच्या अलीकडे-पलीकडे, फॉर्माल्डिहाइड आणि साधा हायड्रोजन निघाले.

याचा अर्थ काय ते बघा. चांदीवर बसलेला ऑक्सिजन मिथेनॉलच्या ऑक्सिजनवरचा हायड्रोजन आधी काढून घेतो, थंडीत, विनासायास. उरतो तो ‘मिथॉक्सी’ नावाचा तुकडा, आपल्या ऑक्सिजनच्या पायावर चांदीला धरून उभा. थोडी ऊब मिळाली की त्याच्या कार्बनवरचा एक हायड्रोजन सुटतो आणि फॉर्माल्डिहाइड उडून जातं. हवेतला ऑक्सिजन फॉर्माल्डिहाइडमध्ये गेलेलाच नाही, तो पाण्यात गेला. फॉर्माल्डिहाइडमधला ऑक्सिजन मिथेनॉलचा स्वतःचा. ज्याला आपण वर्षानुवर्षं ‘मद्यार्काला ऑक्सिजन जोडला’ म्हणत आलो, त्या पायरीत जोडलं काहीच जात नाही. साबातिए यांचं ‘क्षणभराचं संयुग’ म्हणजे हा मिथॉक्सी. त्याच वर्षी याच जोडीने तांब्याच्या स्फटिकावरही तोच मिथॉक्सी दाखवला. तिथे तो जरा जास्त चिवट असतो, मोडायला जास्त ऊब लागते. लीबिग यांनी दिलेल्या नावाचा उरलेला अर्धा अर्थ एकशे त्रेचाळीस वर्षांनी असा हाती आला.

मग प्लॅटिनम? ते उलट फार उत्साही निघालं. मिथेनॉलचे सगळे हायड्रोजन एकामागून एक काढून टाकतं आणि शेवटी कार्बन मोनॉक्साइड उरतो, जो प्लॅटिनमच्या जागा अडवून बसतो. मिथेनॉलवर चालणाऱ्या फ्युएल सेलची ही मोठी डोकेदुखी आहे. म्हणून त्यात प्लॅटिनमबरोबर रुथेनियम घालतात, ते पाण्यातून ऑक्सिजन मिळवून हा मोनॉक्साइड हटवायला मदत करतं. इथेनॉलचं मात्र प्लॅटिनमवर आजही बरंचसं व्हिनेगर होतं. ३१ डिसेंबरच्या रात्री नाक्यावर पोलीस ज्या यंत्रात फुंकायला लावतात, त्यातल्या बहुतेकांत प्लॅटिनमचा छोटा विद्युतअग्र असतो. तुमच्या श्वासातलं इथेनॉल त्याच्यावर अॅसिटिक आम्ल होतं, सुटलेले इलेक्ट्रॉन यंत्र मोजतं आणि आकडा दाखवतं. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. डोबेरायनर यांचा प्रयोगच हा, खिशात मावेल एवढा केलेला.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. मिथेनॉल स्वतः तितकं विषारी नाही. यकृतातलं एक विकर त्याचं फॉर्माल्डिहाइड करतं, पुढे दुसरं त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, आणि ते आधी डोळे घेतं, मग जीव. त्या पहिल्या विकरात धातूचा पत्रा नाही, पण जस्ताचा एक अणू आहे. मद्यार्काचा रेणू त्या जस्तावर येऊन बसतो, ऑक्सिजनवरचा हायड्रोजन आधी सोडतो, आणि मग कार्बनवरचा हायड्रोजन शेजारचा एक सहविकर उचलून नेतो. क्रम तोच, चांदीवरचा. लीबिग पिंपाबद्दल चुकले होते, पण जिवंत आणि निर्जीव यांच्यात काही साम्य असणार, हा त्यांचा वास अगदीच खोटा नव्हता. आणि जागा ठरावीक असतात हे लँगम्यूर यांचं सूत्र इथे शब्दशः जीव वाचवतं. इस्पितळात वेळेत पोचलेल्या रुग्णाला फोमेपिझोल किंवा चक्क इथेनॉल देतात. ते विकराच्या जागा आधी पटकावतं, मिथेनॉल ताटकळत राहतं आणि हळूहळू शरीराबाहेर पडतं. वेळेत पोचला तर, हे महत्त्वाचं.

मॅडिक्स आणि वॉक्स यांच्या प्रयोगाने सगळं सुटलं असं मात्र समजू नका. त्यांची चांदी थंड, अखंड आणि जवळपास रिकाम्या पोकळीत होती. कारखान्यातली चांदी लालबुंद, पूर्ण हवेच्या दाबाखाली, आणि तिचे दाणे कामातच आपला आकार बदलत राहतात. ऑक्सिजन वर बसतो तसा आतही शिरतो. तिथे कोणता ऑक्सिजन किती काम करतो यावर अजून शोधनिबंध लिहिले जातात. सोन्याचीही नवी गंमत आहे: स्वच्छ सोनं ढिम्म, पण त्यावर ऑक्सिजन बसवला की तेही चांदीसारखंच वागू लागतं. २०१०मध्ये स्पंजासारख्या सच्छिद्र सोन्यावर, ज्यात थोडी चांदी मुद्दाम उरलेली होती, मिथेनॉलपासून मिथाइल फॉर्मेट हा एस्टर बनवून दाखवला गेला, तोही ८० अंशांच्या आत.

प्रश्न बरेच आलेले दिसताहेत. ‘चांदीच का, तांबं का नाही’ हा तीन जणांनी विचारलाय, तो आधी घेऊ. तोवर ज्यांना वेटोळ्याचा प्रयोग स्वतः करून बघायचाय त्यांनी खिडकीकडच्या टेबलावर यावं. चंबूवर वाकू नका, आणि दिवा विझवल्याशिवाय स्पिरिट ओतू नका.